पिशवीतल्या गोळ्या आणि पाठीतलं दुखणं : तीव्र दम्याचं एक प्रकरण

डिचोली तालुक्यातली 44 वर्षांची ही महिला जानेवारीत आमच्या छातीविकार विभागात आली, तेव्हा तिच्या हातात एका खासगी डॉक्टरांचं पत्र होतं. दमा आटोक्यात नाही, वर्षभरात पाच वेळा तोंडावाटे स्टेरॉइडचा कोर्स, दोनदा रुग्णालयात दाखल, त्यातलं एकदा अतिदक्षता विभागात. शेवटी प्रश्न होता : बायोलॉजिक, म्हणजे दाहामागची ठरावीक पेशी किंवा रसायन नेमकं रोखणारं, इंजेक्शन सुरू करता येईल का? पत्र नीट लिहिलेलं होतं आणि प्रश्नही रास्त होता. त्याचं उत्तर द्यायला आम्हाला जवळपास पाच महिने लागले. ते का लागले, आणि मी एकटीने ओपीडीत बसून ते उत्तर का शोधू शकले नसते, हे सविस्तर लिहावंसं वाटलं. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय गाभा तसाच आहे.

तिला लहानपणी दमा नव्हता. तिशीत आधी नाक चोंदायला लागलं, मग वास येईनासा झाला आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी धाप सुरू झाली. नाकातले कोंब, म्हणजे पॉलिप, सहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेने काढले होते. वर्षभरात ते परत वाढले. पावसाळ्यात त्रास जास्त, पण उन्हाळ्यातही सुटका नाही. नवरा खनिजाचा ट्रक चालवायचा. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि या तालुक्यातल्या हजारो घरांसारखी या घराचीही मिळकत एकदम आटली. मग ती गावातल्या स्वयंसहाय्य गटात शाळेच्या माध्यान्ह आहाराचं जेवण करायला लागली. पहाटे उठून शंभरेक मुलांची भाजी फोडणीला टाकायची. हा तपशील मला पहिल्या भेटीत मिळाला नव्हता. तो आमच्या वैद्यकीय समाजसेविकेने मिळवला, आणि पुढे त्याचा उपयोग झाला.

पहिल्या दिवशी माझ्यासमोर होते ते आकडे असे. श्वासमापनात पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षेच्या 52 टक्के, पंप दिल्यावर त्यात 260 मिलिलिटरची वाढ. म्हणजे दमा आहे यात शंका नव्हती. दमा नियंत्रणाच्या पाच प्रश्नांच्या चाचणीत 25 पैकी 8 गुण. 20 च्या खाली गेलं की दमा आटोक्यात नाही असं मानतात. दम्याच्या दाहात भाग घेणाऱ्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तात मात्र 110. हा आकडा दिसला की पुष्कळदा फाइल तिथेच बंद होते, कारण इओसिनोफिल कमी असतील तर त्यांच्यावर मारा करणारं महागडं इंजेक्शन देण्यात अर्थ नसतो.

कठीण दमा आणि तीव्र दमा

दम्यावरच्या ‘जिना’ या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शनात या दोन गोष्टींत स्पष्ट फरक केला आहे. मध्यम किंवा जास्त मात्रेचा स्टेरॉइड पंप आणि त्याच्या जोडीला दीर्घकाळ श्वासनलिका उघडी ठेवणारं औषध देऊनही दमा आटोक्यात येत नसेल, तर तो उपचाराला कठीण दमा. त्याची कारणं अनेक असू शकतात : पंप चुकीच्या पद्धतीने घेणं, मुळात न घेणं, घरातला धूर, नाकाचा आजार, दुसरं एखादं औषध, किंवा निदानच चुकलेलं असणं. ही सगळी कारणं दूर करूनही जो उरतो तो तीव्र दमा. नेदरलँड्समधल्या एका पाहणीत, जिचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले, दमा असलेल्या प्रौढांपैकी सुमारे 17 टक्के लोक कठीण गटात आले, आणि पंपाची पद्धत व नियमितपणा तपासल्यावर तीव्र गटात उरले 3.7 टक्के. या दोन आकड्यांमधलं अंतर कापायला डॉक्टरचा दहा मिनिटांचा वेळ पुरत नाही. आमच्याकडे त्यासाठी दर गुरुवारी ओपीडी संपल्यावर अर्धा तास सगळे एका टेबलाभोवती बसतात : मी, माझे कनिष्ठ सहकारी, दम्याच्या रुग्णांसाठी नेमलेल्या सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, औषधालयातल्या फार्मासिस्ट आणि समाजसेविका. कान-नाक-घशाचे डॉक्टर गरज असेल तेव्हा येतात. बाकीच्यांशी फोनवर बोलणं होतं. या बैठकीला वेगळा निधी किंवा वेगळी इमारत लागलेली नाही.

पिशवी

सिस्टरची एक पद्धत आहे. दुसऱ्या भेटीला येताना घरात आहेत ती सगळी औषधं एका पिशवीत घालून आणायला त्या सांगतात. “चालू असलेली, बंद केलेली, शेजारणीने दिलेली, सगळी आण, बाय. मी ओरडणार नाही.” शेवटचं वाक्य त्या मुद्दाम उच्चारतात.

पिशवीतून दोन पंप निघाले. रोटाकॅपची, म्हणजे श्वासावाटे ओढायच्या पुडीच्या कॅप्सूलची, एक बाटली होती, तिची मुदत संपलेली. खोक्यातून कधी न काढलेला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, होता. वेदनाशामकाच्या तीन वेगवेगळ्या पट्ट्या होत्या. आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या, ज्यांच्यावर नाव नव्हतं.

सिस्टरनी आधी पंप घेऊन दाखवायला सांगितलं. तिने श्वास आत ओढला आणि तो पुरा झाल्यावर बटण दाबलं. औषध जिभेवर गेलं. मग सिस्टरनी पंपावरची तारीख पाहिली आणि हिशेब मांडला. रोज घ्यायच्या या स्टेरॉइडच्या पंपात 120 फवारे असतात. सकाळी दोन, रात्री दोन घेतले तर तो 30 दिवसांत संपायला हवा. हिने तो गणेशचतुर्थीच्या आधी घेतला होता आणि जानेवारीत तो अजून चालू होता. कारण विचारल्यावर तिने दोन गोष्टी सांगितल्या. पंपाची सवय लागते असं सासूबाई म्हणतात. आणि पंपात स्टेरॉइड असतं, त्याने चेहरा सुजतो, हे तिने स्वतः अनुभवलं होतं.

चेहरा सुजला होता तो त्या पांढऱ्या गोळ्यांनी. आमच्या फार्मासिस्टनी आकार, खूण आणि तिने सांगितलेलं दुकानातलं नाव यावरून त्या ओळखल्या : बीटामेथासोन, 0.5 मिलीग्रॅम. अशी एक गोळी साधारण 4 मिलीग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीची. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी पाच दिवसांसाठी लिहून दिल्या, बरं वाटलं, मग दुकानातून मिळत राहिल्या. रोज एक, दम लागला की दोन. पंपातल्या स्टेरॉइडच्या भीतीने तिने पंप मागे ठेवला होता आणि त्याच्या कितीतरी पट स्टेरॉइड रोज पोटात घेत होती. तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं, कारण या गोळ्या कुठल्याही केसपेपरवर नव्हत्या.

हिशेब केला तर पाच कोर्स, प्रत्येकी सात दिवस रोज 40 मिलीग्रॅम, म्हणजे 1400 मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन. त्यात या गोळ्यांचे वर्षाला आणखी तेवढेच. दोन्ही मिळून एका वर्षात तीन ग्रॅमच्या आसपास. उभ्या आयुष्यात अर्धा ते एक ग्रॅम झाल्यावरही मधुमेह, मोतीबिंदू, हाडांचा ठिसूळपणा यांचा धोका वाढू लागतो.

इओसिनोफिलच्या त्या 110 आकड्याचा अर्थही इथेच उलगडला. तोंडावाटे घेतलेलं स्टेरॉइड या पेशींना रक्तातून हटवतं. चाचणी झाली त्या आठवड्यात ती रोज दोन गोळ्या घेत होती. माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने तिच्या नवऱ्याला फोन करून नाकाच्या शस्त्रक्रियेपूर्वीचे कागद शोधायला सांगितले. देव्हाऱ्याखालच्या खणात ते सापडले. तेव्हा या गोळ्या सुरू झाल्या नव्हत्या, आणि इओसिनोफिल होत्या 940.

गुरुवारची बैठक

पुढे जे घडलं ते तिसऱ्या आठवड्यातल्या बैठकीत, आणि या प्रकरणाचा कणा तोच आहे.

फिजिओथेरपिस्टनी तिचा श्वास पाहिला होता. ती छातीच्या वरच्या भागाने, उथळ आणि भराभर श्वास घेत होती; दर मिनिटाला मध्येच एक सुस्कारा. ते सुधारण्यासारखं होतं. पण त्यांना खटकलं ते वेगळंच. पोटाने श्वास घ्यायला शिकवताना ती पाठ टेकून झोपायला तयार नव्हती. पाठीच्या खालच्या अर्ध्यात एका मणक्यावर बोट टेकवलं की कळवळायची. “आखडलेल्या स्नायूचं दुखणं पसरलेलं असतं,” त्या म्हणाल्या. “हिचं एका बिंदूवर आहे. एक्स-रे हवा.”

त्यावर फार्मासिस्ट म्हणाल्या, पाठीचं दुखणं असेल तर पिशवीतल्या त्या तीन पट्ट्यांचा उलगडा होतो. एक डायक्लोफेनॅक, एक आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली, एक नुसती ॲस्पिरिन. त्या घेणं तिच्या लेखी औषध घेणं नव्हतंच. “कसली औषधं घेता?” या प्रश्नाला तिने कधी त्यांचं नाव सांगितलं नव्हतं. काम जास्त पडलं की अंगदुखीची गोळी, एवढंच.

सिस्टरकडे झटक्यांच्या तारखा होत्या. जुलैतला, रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तो : त्या दिवशी शाळेतलं काम आटोपून आल्यावर गोळी घेतली, तासाभरात दम. नोव्हेंबरचा, अतिदक्षता विभागातला : पाठ फारच धरली म्हणून गावाजवळच्या एका दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन घेतलं, घरी पोचण्याआधी रिक्षातच ओठ निळे पडले. इंजेक्शन डायक्लोफेनॅकचं होतं. त्या दवाखान्याला तिच्या दम्याची फाइल दिसत नव्हती आणि तिनेही सांगितलं नव्हतं, कारण ती पाठीसाठी गेली होती.

कान-नाक-घशाचे डॉक्टर त्या दिवशी आले होते. दोन्ही नाकपुड्या पॉलिपने भरलेल्या, वास शून्य, असं त्यांनी नोंदवलं होतं. तारखा ऐकल्यावर त्यांनी आणि मी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं. उशिरा सुरू झालेला दमा, नाकात पॉलिप आणि वेदनाशामकाने येणारा झटका, हे त्रिकूट वैद्यकाला शंभर वर्षं माहीत आहे. फ्रान्समध्ये विडाल यांनी 1922 साली ते नोंदवलं, अमेरिकेत सॅम्टर यांनी 1960 च्या दशकात ते पुन्हा तपशिलात मांडलं. दमा असलेल्या प्रौढांपैकी सुमारे 7 टक्क्यांत ते आढळतं, तीव्र दम्यात सुमारे 15 टक्क्यांत. ही नेहमीच्या अर्थाची ॲलर्जी नाही. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या सगळ्या गोळ्या शरीरातलं एकच एन्झाइम रोखतात. ते रोखलं की या रुग्णांत ल्युकोट्रायन नावाची रसायनं उसळतात आणि अर्ध्या ते तीन तासांत श्वासनळ्या आवळतात. म्हणून एक गोळी बदलून दुसरी घेतली तरी फरक पडत नाही. खात्रीसाठी ॲस्पिरिन देऊन पाहण्याची चाचणी असते, पण फुफ्फुसाची क्षमता 52 टक्के असताना ती करणं धोक्याचं. इथे इतिहासच पुरेसा बोलका होता.

एक्स-रे दुसऱ्या दिवशी झाला. छातीच्या शेवटच्या मणक्याची पुढची बाजू दबून तो पाचरीसारखा झाला होता. हाडांची घनता वयाच्या मानाने फार कमी. पडणं नाही, अपघात नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं उचलताना काहीतरी कट्‌कन वाजलं होतं, एवढं तिला आठवलं.

माझ्या सहकाऱ्याने फळ्यावर बाण काढत हे मांडलं. स्टेरॉइडने हाड ठिसूळ झालं. ठिसूळ हाड मोडलं. मोडलेलं हाड दुखायला लागलं. दुखण्यासाठी वेदनाशामक घेतलं. वेदनाशामकाने दमा उसळला. दम्यासाठी आणखी स्टेरॉइड आलं. शेवटचा बाण पहिल्या ठिकाणी जाऊन टेकला. हे चक्र दीड-दोन वर्षं फिरत होतं. तिला तपासणाऱ्या प्रत्येकाने आपल्या हातातला दुवा योग्य रीतीनेच हाताळला होता : दम्याला स्टेरॉइड, पाठीला वेदनाशामक, नाकाला शस्त्रक्रिया. प्रत्येक दुवा वेगळ्या कागदावर, वेगळ्या इमारतीत होता. माझ्याकडेही एकच होता. मणक्यावर बोट ठेवणाऱ्या, पट्ट्या वाचणाऱ्या आणि तारखा लिहिणाऱ्या तिघी एका टेबलाशी बसल्या नसत्या, तर मी दम्याच्या औषधांची मात्रा वाढवत राहिले असते, आणि तेही मार्गदर्शक तत्त्वांना धरूनच.

मतभेद

आता काय करायचं यावर आमचं एकमत नव्हतं, आणि ते इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

सहकाऱ्याचं म्हणणं होतं, इंजेक्शनची प्रक्रिया आजच सुरू करू. अतिदक्षता विभागात जाऊन आलेल्या रुग्णाला पुढचा झटका जिवावर बेतू शकतो. पूर्वी असा झटका येऊन गेलेला असणं हाच दम्याने मृत्यू येण्याच्या मोठ्या धोक्यांपैकी एक. माझं म्हणणं होतं की झटक्यांमागचं एक ठळक कारण आत्ताच हाती लागलं आहे. पंप नीट घेतला आणि वेदनाशामक थांबलं तर कदाचित वर्षानुवर्षं चालणाऱ्या या महागड्या औषधाची गरजच पडणार नाही. सिस्टरनी तिसरी बाजू मांडली : थांबायचं असेल तर थांबा, पण तिला वाऱ्यावर सोडून थांबू नका.

शेवटी तेच ठरलं. तीन महिने सगळ्या गोष्टी नीट बसवायच्या, दर आठवड्याला फोन करायचा, आणि इंजेक्शनचे कागद समांतर तयार ठेवायचे.

दोन पंपांच्या जागी एकच आला, बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला, स्पेसरसह. सकाळ-संध्याकाळ तोच आणि दम लागला तरी तोच. दिवसाला जास्तीत जास्त 12 फवारे. यामुळे तात्पुरता आराम देणारा निळा पंप सारखा ओढत राहून स्टेरॉइडचा पंप विसरणं आपोआप थांबतं. नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर दम्याचा उपचार करू नये, असं जिनाने 2019 पासून सांगितलं आहे. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन न पुसता वाळवायचा, कारण पुसल्याने त्यात विद्युतभार साठतो आणि औषध भिंतीला चिकटतं, हे सिस्टरनी तिला करून दाखवलं आणि तिच्याकडून करून घेतलं.

पांढऱ्या गोळ्या एकदम थांबवणं मात्र शक्य नव्हतं. इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम सोडून देतात. सकाळच्या कॉर्टिसॉलची पातळी खूपच खालची आली. अंतःस्रावी ग्रंथींच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या जागी मोजून 5 मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन ठेवलं आणि ताप, उलट्या, शस्त्रक्रिया अशा वेळी मात्रा वाढवण्याची सूचना लिहून दिली. हाडांसाठी औषध, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व सुरू झालं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, एका वेळी 500 मिलीग्रॅमपेक्षा जास्त नाही. ते पुरेना तेव्हा एटोरिकॉक्सिबची पहिली गोळी वॉर्डात, आमच्या नजरेसमोर दिली. या रुग्णांना ती बहुधा सोसते, पण पहिली मात्रा घरी घ्यायची नसते. पाठीचा पट्टा आणि व्यायाम फिजिओंनी पाहिला.

फार्मासिस्टनी लाल शाईत एक कार्ड केलं. कुठली औषधं देऊ नयेत त्यांची नावं, स्टेरॉइड चालू असल्याची नोंद, आमचा फोन. एक प्रत तिच्या पाकिटात, एक नवऱ्याच्या, एक गावाजवळच्या आरोग्य केंद्रात, आणि एक ती जिथून गोळ्या घ्यायची त्या औषधाच्या दुकानात. दुकानात समाजसेविका स्वतः गेल्या. दुकानदाराने कार्ड काउंटरमागे चिकटवलं आणि तिला बिनचिठ्ठीच्या गोळ्या देणं बंद केलं. या एका फेरीचं मोल मला कुठल्याही तपासणीपेक्षा कमी वाटत नाही.

घरची फेरी उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेने केली. न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणाखाली रोज पहाटे लाकडं पेटत आणि धूर तिच्या झोपायच्या खोलीत येत असे. त्याच खोलीच्या पावसाकडच्या भिंतीला ओल आणि काळी बुरशी. आम्ही ॲस्परजिलस बुरशीची रक्तचाचणी आधीच केली होती, कारण भारतात तीव्र दम्याच्या मागे या बुरशीने होणारा फुफ्फुसाचा विकार वारंवार निघतो. ती चाचणी नकारात्मक होती, सीटी स्कॅनही साफ. तरी ओल वाईटच. कौलं पावसाआधी शाकारली, गादी त्या भिंतीपासून हलली, आंघोळीचं पाणी गॅसवर तापू लागलं. सासूबाईंना हे पटवणं आमच्यापैकी कोणाला जमलं नसतं. आरोग्यसेविकेने त्यांच्या नातवाला लहानपणी डोस पाजले होते. तिचं त्यांनी ऐकलं. पंपाची सवय लागत नाही, हेही तिच्याच तोंडून पटलं. स्वयंसहाय्य गटातल्या बायकांनी तिला फोडणीवरून काढून भाजी चिरायला आणि पाव मोजायला बसवलं, मजुरी तीच ठेवून.

समुपदेशकांनी एक गोष्ट शोधली जी आमच्या यादीत नव्हती. नोव्हेंबरनंतर ती आडवी होऊन झोपतच नव्हती. अतिदक्षता विभागातला तोंडावर आवळलेला मास्क तिला स्वप्नात यायचा. रात्रीची धाप कधी दम्याची आणि कधी भीतीची, हे तिला वेगळं करता येत नव्हतं. जोराने फुंकल्यावर श्वासाचा वेग मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरने ते वेगळं करून दिलं. तिचा सर्वोत्तम आकडा 340. त्याच्या आसपास असेल तर फिजिओंनी शिकवलेला संथ श्वास. 270 च्या खाली गेला तर पंपाचे जादा फवारे आणि आम्हाला फोन. 170 च्या खाली गेला, किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, तर प्रेडनिसोलोनची मोठी मात्रा घेऊन लगेच 108. हे सगळं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजच्या दारावर लावलं.

तीन महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये पाच प्रश्नांच्या चाचणीत 14 गुण आले. फुफ्फुसाची क्षमता 64 टक्के. वेदनाशामकाने आलेला एकही झटका नाही. पण मार्चमध्ये, काजूचा हंगाम भरात असताना, साध्या सर्दीनंतर एक झटका आला आणि स्टेरॉइड वाढवावं लागलं. पंप रिकामा होण्याच्या तारखा आता जुळत होत्या, पद्धत बिनचूक होती. आणि रोज 5 मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन चालू असतानाही इओसिनोफिल 430. तोंडावाटे स्टेरॉइड घेत असताना 150 च्या वरचा आकडाही या पेशींचा दाह चालू असल्याचं सांगतो. म्हणजे सहकाऱ्याचा अंदाज खरा ठरला : कारणं दूर करूनही उरलेला, खराखुरा तीव्र दमा. आधीचे तीन महिने वाया गेले असं मला वाटत नाही. ते न होता इंजेक्शन सुरू केलं असतं, तर तिने डायक्लोफेनॅक घेत राहून पुन्हा अतिदक्षता विभाग गाठला असता आणि आम्ही इंजेक्शन निकामी ठरवलं असतं.

मेपोलिझुमॅब निवडलं, दर चार आठवड्यांनी 100 मिलीग्रॅम त्वचेखाली. ते इओसिनोफिल वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-5 या रसायनाला रोखतं. देण्याआधी पोटातले जंत पाहिले, कारण जंतांशी लढणं हे याच पेशींचं काम. शौचाची तपासणी केली, स्ट्राँगिलॉइडिस या जंताची रक्तचाचणी केली, हत्तीरोगाचीही, कारण त्यामुळेही इओसिनोफिल वाढतात आणि दम लागतो. पैशांचा प्रश्न समाजसेविकेने सहा आठवडे कागद फिरवून वर्षापुरता सोडवला. एका डोसची किंमत या घराच्या महिन्याच्या मिळकतीहून जास्त आहे. पहिला डोस जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू होता होता दिला.

तो पावसाळा तिने घरी काढला. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट, बांधताना शिडी धरून उभी राहिले, चढले मात्र नाही, असं तिने फोनवर सांगितलं. चढू नये हे पाठीसाठी फिजिओंनी बजावलं होतं. उदबत्ती आणि फटाके घराबाहेर ठेवायचं घरच्यांनी आपणहून ठरवलं. कॉर्टिसॉल तपासत प्रेडनिसोलोन मिलीग्रॅम-मिलीग्रॅमने उतरवलं आणि जानेवारीत ते थांबलं. वर्षाच्या शेवटी पाच प्रश्नांच्या चाचणीत 21, क्षमता 76 टक्के, एक सौम्य झटका जो घरच्या घरी आराखड्याप्रमाणे आटोक्यात आला. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली नाही. नोव्हेंबरमध्ये एका नव्या दवाखान्यात दातदुखीसाठी गेली असता तिला डायक्लोफेनॅक लिहून दिलं गेलं. तिने कार्ड काढून दाखवलं आणि चिठ्ठी बदलून घेतली.

सगळं सुटलेलं नाही. मोडलेला मणका पूर्ववत होणार नाही. हाडांची घनता पुढच्या वर्षी पुन्हा मोजायची आहे. वास थोडा परतला आहे, पण पॉलिप अजून आहेत, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करायची की इंजेक्शनने ते आणखी आकसतात का ते पाहायचं, यावर नाकाच्या डॉक्टरांचं आणि माझं मत अजून वेगळं आहे. चतुर्थीनंतर पुन्हा दुर्बिणीने तपासून ठरवू. इंजेक्शनची मंजुरी वर्षापुरतीच होती. नूतनीकरणाचे कागद गेले आहेत. या वेळी त्यांच्यासोबत झटक्यांच्या तारखा, पंप रिकामा झाल्याच्या नोंदी आणि फिजिओंचा अहवाल जोडला आहे. आमच्या फिजिओथेरपिस्टची मात्र बदली झाली आहे आणि जागा भरलेली नाही. तोवर गुरुवारी त्या नव्या ठिकाणाहून फोनवर बैठकीला बसतात. पाठ दुखते असं सांगणाऱ्या दम्याच्या प्रत्येक रुग्णाच्या मणक्यांवर बोट ठेवून पाहायला त्यांनी सिस्टरना शिकवलं आहे.